विहित करण्यात येईल त्याप्रमाणे

कोणतंही नवं विधेयक हातात आलं, की मी ते मागून वाचायला घेते. पहिल्या पानांवर उद्देश असतात आणि बहुतेक वेळा ते खरोखरच चांगले असतात. रुग्णांना संरक्षण द्यायचं असतं, ठेवीदारांचे पैसे सुरक्षित ठेवायचे असतात, नद्या स्वच्छ करायच्या असतात. त्याबद्दल कुणाचं भांडण नसतं. गोम असते ती शेवटच्या कलमांत. नियम करण्याचा अधिकार कुणाला दिलाय, ‘अडचणी दूर करण्याचा अधिकार’ किती मुदतीपर्यंत आहे, कोणत्या बाबतीत न्यायालयाचं दार बंद केलंय, सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण कुणाकुणाला आहे आणि कायदा अमलात यायची तारीख कोण ठरवणार, हे सगळं तिथे असतं. ही कलमं बहुतेक वेळा एका विधेयकातून उचलून दुसऱ्यात ठेवलेली असतात. वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून सहज घसरते. माझी घसरू नये, यासाठी मला नेमलेलं आहे.

कायदेमंडळाच्या छाननी समितीला कायद्याचा सल्ला देणं हे माझं काम. समितीचे सदस्य लोकांनी निवडून दिलेले असतात, मला कुणी निवडून दिलेलं नाही. हा फरक एक दिवसही विसरून चालत नाही. कायदा असावा की नसावा, कर वाढावा की कमी व्हावा, बंदी योग्य की अयोग्य, हे त्यांनी आणि सभागृहाने ठरवायचं. माझ्यापुढचे प्रश्न वेगळे असतात. या कागदामुळे कुणाच्या हातात किती अधिकार जातो? तो कशाने बांधलेला आहे? आणि तो चुकीचा वापरला गेला, तर ज्याच्यावर वापरला गेला त्याने दाद कुठे मागायची?

ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाने, विधेयकं तपासण्यासाठी १९८१ साली एक समिती नेमली. तिच्या कसोट्या पाचच आहेत आणि मला त्या पाठ आहेत. व्यक्तीच्या हक्कांवर आणि स्वातंत्र्यावर अवाजवी घाला येतो का? लोकांचे हक्क आणि जबाबदाऱ्या अस्पष्ट प्रशासकीय अधिकारांवर टांगलेल्या आहेत का? ज्यांची फेरतपासणी होऊ शकत नाही असे निर्णय कुणी घेणार आहे का? कायदा करण्याचा अधिकार नको त्याच्याकडे सोपवलाय का? आणि सोपवलेल्या अधिकारावर सभागृहाची नजर पुरेशी राहते का? भारताच्या लोकसभेच्या कामकाज नियमांतल्या नियम ३२० मध्ये, खात्यांनी केलेले नियम तपासताना काय बघायचं याची अशीच यादी आहे. नियमातून कर लादलाय का, न्यायालयाची अधिकारिता प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष वगळली आहे का, मूळ कायद्यात तशी तरतूद नसताना पूर्वलक्षी प्रभाव दिलाय का, अधिकाराचा अनपेक्षित वापर झालाय का, प्रसिद्धीला विनाकारण उशीर लावलाय का. दोन देश, दोन परंपरा, पण काळजी एकच. कोणत्याही पक्षाचा सदस्य या याद्या हातात घेऊन बसू शकतो. या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

कायदेमंडळाने स्वतःचा अधिकार दुसऱ्याला द्यायचाच कशाला, असं बाहेरचे लोक मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. औषधातल्या घटकांचं प्रमाण, धुरातल्या कणांची मर्यादा, अर्जाचा नमुना, शुल्काचा तक्ता, हे सगळं सभागृहाने बसून ठरवायचं म्हटलं तर सभागृहाला दुसरं काही करताच येणार नाही. तपशील तज्ज्ञांनी ठरवावेत आणि गरज पडेल तसे बदलावेत, हे मला मनापासून पटतं. म्हणून मूळ कायदा सभागृह करतं आणि त्याखालचे नियम खातं करतं. पण कालांतराने नियमांचा पसारा कायद्यापेक्षा कितीतरी मोठा होतो. सामान्य माणसाला आयुष्यात जो कायदा प्रत्यक्ष भेटतो, तो बहुतेक वेळा नियमाच्या, अधिसूचनेच्या किंवा परिपत्रकाच्या रूपात भेटतो. ज्यावर सभागृहात एक शब्दही बोलला गेला नाही, तोच त्याच्या रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त हुकूम चालवतो.

ही काळजी जुनी आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३९ साली पार्लमेंटकडून असा कायदा करून घेतला, की राजाच्या जाहीरनाम्याला पार्लमेंटच्या कायद्यासारखं बळ मिळावं. त्याच्या मृत्यूनंतर, १५४७ साली, तो रद्द झाला. पण मंत्र्याला नुसत्या आदेशाने मूळ कायदाच बदलता येईल असं कलम दिसलं, की इंग्लंडातले लोक आजही त्याला ‘हेन्री आठव्याचं कलम’ म्हणतात. विसाव्या शतकात सरकारची कामं वाढली, तशी नियमांची संख्याही वाढली. १९२९ साली लॉर्ड चीफ जस्टिस ह्यूअर्ट यांनी, त्या पदावर असतानाच, या वाढत्या अधिकारांवर जाहीर टीका करणारं पुस्तक लिहिलं. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि तिचा अहवाल १९३२ साली आला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने नियम आणि अध्यादेश तपासणारी समिती सुरू केली. ती आजही काम करते, फक्त २०१९ मध्ये तिचं नाव बदललं. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली दिल्ली कायद्यांच्या प्रकरणात सीमा आखून दिली. तपशील दुसऱ्यावर सोपवता येतील, कायद्याचं मूळ धोरण ठरवण्याचं काम सोपवता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. दोन वर्षांनी, मावळंकर सभापती असताना, लोकसभेची नियम तपासणारी समिती स्थापन झाली. मंत्र्याला या समितीचं सदस्य होता येत नाही. ज्याने नियम केला त्यानेच तो तपासू नये, एवढी साधी गोष्ट आहे, पण ती लिहून ठेवावी लागली.

आता एक कलम जवळून बघू. हे मी इथे रचलेलं आहे, पण याची भावंडं मी रोज वाचते:

‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मते तसे करणे आवश्यक असेल तर, त्यास, विहित करण्यात येईल अशा रीतीने, कोणत्याही व्यक्तीचा परवाना निलंबित करता येईल, आणि प्राधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असेल.’

एकच वाक्य. वाचायला काही वाटत नाही. परवाना देणाऱ्याला तो निलंबित करता यायला हवा, हे कुणीही मान्य करेल. मी पेन्सिल घेऊन बसते ती पहिल्या दोन शब्दांपासून. सक्षम प्राधिकारी कोण? मी व्याख्येच्या कलमाकडे जाते. तिथे लिहिलेलं असतं, ‘शासन या बाबतीत नेमील असा अधिकारी’. हुद्दा नाही, पात्रता नाही. उद्या हा अधिकार खात्याच्या प्रमुखाकडे असेल किंवा परवा रुजू झालेल्या कनिष्ठ अधिकाऱ्याकडे. कायद्याला दोन्ही चालतं. पुढे ‘मते’. त्याचं तसं मत होतं एवढं दाखवलं की तो मोकळा. तिथे ‘वाजवी कारणांवरून खात्री पटल्यास’ असं लिहिलं, तर कारणं दाखवावी लागतात आणि ती वाजवी होती की नाही हे दुसऱ्या कुणाला तरी तपासता येतं. ‘आवश्यक’ कशासाठी? लोकांच्या सुरक्षेसाठी, महसुलासाठी, की अधिकाऱ्याच्या सोयीसाठी? वाक्यात हेतूच नाही. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ म्हणजे नोटीस द्यायची का, किती दिवसांची, म्हणणं ऐकून घ्यायचं का, हे सगळं पुढे कधीतरी होणाऱ्या नियमांवर सोडलं. ते नियम व्हायच्या आधीच कलम अमलात आलं तर? ‘निलंबित’ तर केलं, पण किती काळ? मुदत नसलेलं निलंबन म्हणजे परवाना कायमचा काढून घेणंच, फक्त तसं न म्हणता. आणि शेवटी ‘अंतिम’. अपील नाही. घटनात्मक न्यायालयाची वाट बहुतेक ठिकाणी तरीही उघडी असते, पण दुकान बंद पडलेल्या माणसाला वकील लावून तिथवर जाणं झेपतंच असं नाही.

मग मी टिपण लिहिते. प्राधिकाऱ्याचा किमान हुद्दा कलमात असावा. मताऐवजी वाजवी कारणं असावीत. हेतू स्पष्ट असावा. आधी नोटीस असावी, आणि तातडीमुळे ती देता आली नाही तर निलंबनानंतर लगेच सुनावणी असावी. निलंबनाला कमाल मुदत असावी. एक तरी अपील असावं. यातली एकही सूचना परवाना निलंबित करायच्या अधिकाराला हात लावत नाही. सरकारला जे करायचंय ते करता येतं. फरक पडतो तो ज्याच्यावर ते केलं जातं त्याला.

टिपण समितीपुढे जाण्याआधी बऱ्याचदा खात्यातल्या मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याशी फोनवर बोलणं होतं. ते संभाषण आता मला तोंडपाठ झालंय.

“मॅडम, हा अधिकार आम्ही असा वापरणारच नाही हो.”

“मग कलमात तसंच लिहू या ना.”

“पण उद्या एखादी वेगळीच परिस्थिती आली तर हात बांधलेले नकोत.”

“कोणती परिस्थिती, ते सांगा. तिच्यासाठी वेगळं पोटकलम करू.”

तो माणूस प्रामाणिक असतो. तो अधिकार तसा वापरणार नाही, हे मला खरंच वाटतं. पण त्याची बदली होते, तो निवृत्त होतो आणि कलम तिथेच राहतं. वीस वर्षांनी ते वापरणाऱ्याला आमचं फोनवरचं बोलणं माहीत नसेल. त्याच्यापुढे फक्त छापलेली ओळ असेल, आणि ती ओळ त्याला सगळं करू देत असेल. म्हणून तोंडी आश्वासन मी कितीही आदराने ऐकलं, तरी टिपणातली सूचना काढत नाही. समितीकडून लेखी पत्र जातं आणि उत्तरही लेखी यावं लागतं. मंत्र्याने ‘पुढच्या सुधारणेत हे दुरुस्त करू’ असं लिहून दिलं, की ते हमीच्या नोंदीत चढतं आणि पूर्ण होईपर्यंत त्याचा पाठपुरावा चालतो. वर्तमानपत्रात याची बातमी येत नाही. पण मी पाहिलंय, की एका पत्रामुळे अपिलाची मुदत सात दिवसांवरून तीस दिवसांवर जाते, किंवा ‘निर्दोष असल्याचं आरोपीने सिद्ध करावं’ हा बोजा परत सरकारवर येतो. सात दिवसांत ज्याला निर्णयाची प्रतसुद्धा मिळाली नसती, तो माणूस अपील करू शकतो. त्याला समितीचं नावही माहीत नसतं.

‘अडचणी दूर करण्याचा अधिकार’ या कलमाबद्दल थोडं सांगायलाच हवं. नवा कायदा लागू होताना जुन्या आणि नव्या व्यवस्थेचे सांधे जुळत नाहीत, म्हणून सरकारला आदेश काढून अडथळे दूर करता यावेत, एवढाच याचा मूळ हेतू. पण मुदत आणि मर्यादा नसेल तर हा कोरा चेक होतो. भारताच्या १९६५ च्या बोनस कायद्याच्या कलम ३७ मध्ये असा अधिकार सरकारला दिला होता आणि सरकारचा आदेश अंतिम असेल असंही म्हटलं होतं. १९६६ साली जालान ट्रेडिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते कलम रद्द केलं. कायद्यात शंका किंवा अडचण आहे हे सरकारच ठरवणार आणि त्यावरचा उपायही सरकारच अंतिमपणे ठरवणार, म्हणजे कायदा करण्याचंच काम सरकारकडे गेलं. नंतरच्या कायद्यांत मुदत दिसू लागली. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम ४७० खालचा असा आदेश कायदा सुरू झाल्यापासून पाच वर्षांनंतर काढता येत नाही. माझ्यापुढे असं कलम आलं की मी आधी मुदत शोधते, मग आदेश सभागृहापुढे ठेवायचं बंधन आहे का ते बघते आणि मग ‘या कायद्याच्या तरतुदींशी विसंगत नसेल असा’ हे शब्द आहेत का ते बघते. तीनही असले तर पुढे जाते.

कायदा लोकांना कळला पाहिजे, याइतकी मूलभूत अपेक्षा दुसरी नसेल. तरी तीसुद्धा न्यायालयात जाऊन मिळवावी लागली आहे. जयपूर संस्थानात ११ डिसेंबर १९२३ रोजी मंत्रिमंडळाने ठराव करून अफूचा कायदा केला. तो कुठे छापला नाही, जाहीर केला नाही. १९३८ साली त्यात एक कलम घातलं, की हा कायदा १ सप्टेंबर १९२४ पासून अमलात आहे. या कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला पन्नास रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५१ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. जो कायदा लोकांना कोणत्याही मार्गाने कळवलेलाच नाही, त्याखाली कुणाला शिक्षा करणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही, आणि मंत्रिमंडळाच्या खोलीत झालेला ठराव तेवढ्याने कायदा होत नाही, असं त्यात ठरलं. शिक्षा रद्द झाली. पन्नास रुपयांसाठी उभा राहिलेला तो खटला मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात वाचायला देते.

आजच्या काळात याच प्रश्नाचं रूप बदललंय. नियम राजपत्रात छापलेला असतो, पण त्यात लिहिलेलं असतं, ‘अमुक संस्थेने ठरवलेल्या, वेळोवेळी अमलात असलेल्या मानकाप्रमाणे’. ते मानक वाचायला विकत घ्यावं लागतं. म्हणजे जो पाळला नाही तर दंड होतो, तो कायदा वाचायला पैसे मोजायचे. आणि ‘वेळोवेळी’ या शब्दामुळे ती संस्था मानक बदलेल तसा कायदाही आपोआप बदलणार, सभागृहाला न विचारता. सिनेटची नियम तपासणारी समिती याबद्दल सातत्याने विचारणा करत आली आहे: हे मानक लोकांना फुकट कुठे वाचायला मिळेल ते सांगा. ही विचारणा प्रत्येक कायदेमंडळात व्हावी असं मला तीव्रतेने वाटतं. मी माझ्या टिपणांत ती न चुकता घालते.

या कामात कायद्याच्या ज्ञानापेक्षा दिवसांचा हिशेब जास्त लागतो. नियम झाला की तो सभागृहाच्या पटलावर ठेवतात आणि घड्याळ सुरू होतं. ब्रिटनमध्ये १९४६ च्या कायद्याप्रमाणे हरकतीसाठी चाळीस दिवस असतात. भारतात बहुतेक कायद्यांत तीस दिवस असतात, एका अधिवेशनात किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून. ऑस्ट्रेलियात नोंदणीनंतर सहा बैठकींच्या दिवसांत नियम सभागृहापुढे ठेवावा लागतो, नाहीतर तो आपोआप रद्द होतो. पुढच्या पंधरा बैठकींच्या दिवसांत कुठल्याही सदस्याला तो नामंजूर करण्याच्या प्रस्तावाची सूचना देता येते. खरी ताकद त्यापुढे आहे. सूचना दिल्यानंतर पंधरा बैठकींच्या दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर नियम रद्द झाला असं समजलं जातं. सरकारने चर्चा टाळली तर सरकारचंच नुकसान. त्यामुळे समितीच्या पत्राला उत्तर येतं आणि वेळेत येतं. तिथली समिती उत्तराची वाट बघताना मुदत निसटू नये म्हणून अशी सूचना देऊन ठेवते आणि समाधान झालं की ती मागे घेते. या एका तरतुदीमुळे सल्लागाराच्या टिपणाला वजन येतं.

जिथे सरकारला गप्प बसून चालतं, तिथे तेच टिपण कितीही चांगलं लिहिलं तरी धूळ खात पडतं. भारतात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅटलस सायकल निकालात म्हटलं, की त्या कायद्यातल्या शब्दरचनेप्रमाणे आदेश सभागृहापुढे ठेवला नाही म्हणून तो निरर्थक होत नाही. कायद्याच्या अर्थाच्या दृष्टीने तो निकाल मला समजतो. पण पटलावर ठेवण्याचं बंधन मोडलं तरी काहीच होणार नसेल, तर ते पाळायची घाई कोण करेल? यावर उपाय न्यायालयात नाही, मसुद्यात आहे. पटलावर न ठेवल्यास नियम अमुक तारखेला संपेल, असं मूळ कायद्यातच लिहिता येतं. मी तशी सूचना करते. ती क्वचित मान्य होते, पण मी करत राहते.

आणखी एक अडचण अशी, की बऱ्याच ठिकाणी सभागृहाला नियम बदलता येत नाही. घ्यायचा तर सगळा घ्या, नाहीतर टाकून द्या. तीनशे नियमांच्या संचातला एक नियम खटकला, म्हणून कुणी सगळा संच फेकत नाही. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने असा आदेश शेवटचा रद्द केला तो १९७९ साली, पॅराफिनच्या, म्हणजे रॉकेलच्या, किरकोळ किमतीवरचं नियंत्रण उठवणारा. त्यानंतरच्या एवढ्या वर्षांत एकही नाही हे बघून, मग या तपासणीचा उपयोग काय, असं कुणी म्हणेल. उपयोग मतदानाच्या आधी होतो. खात्यातला अधिकारी मसुदा लिहितानाच, ‘समिती हे विचारील’ असं म्हणून एक ओळ खोडतो. अशा खोडलेल्या ओळींची नोंद कुठेच राहत नाही.

धोरणात पडायचं नाही, ही सीमा सांगायला सोपी आणि पाळायला अवघड आहे. एखादा नियम गरिबांवर अन्याय करणारा आहे असं माणूस म्हणून मला आतून वाटत असतं, पण पाच कसोट्यांपैकी एकीतही तो बसत नाही. तेव्हा मी गप्प राहते. मन राजी असतं म्हणून नाही. एकदा का सल्लागाराचं टिपण राजकीय वाटलं, की पुढच्या वेळी सत्ताधारी सदस्य ते उघडणारच नाहीत आणि ज्या ठिकाणी माझ्या शब्दाचा खरोखर उपयोग होता तिथे तो होणार नाही. न्यूझीलंडमध्ये १९८५ पासून नियम तपासणारी समिती आहे आणि तिचं अध्यक्षपद प्रथेने विरोधी पक्षाच्या सदस्याकडे असतं. तरीही तिचं काम पक्षाच्या वर राहून चालावं अशीच अपेक्षा असते. मला आठवतात ते सत्ताधारी बाजूचे सदस्य, जे बैठकीत आपल्याच मंत्र्याच्या नियमावर बोट ठेवून म्हणतात, “हे आपण विरोधात असतो तर चालवून घेतलं असतं का?” अशा वाक्यानंतर खोलीतला सूर बदलतो. सल्लागाराला हे वाक्य म्हणता येत नाही. ते सदस्यालाच म्हणावं लागतं. मी फक्त ते म्हणता येईल इतका कागद स्वच्छ करून देऊ शकते.

महामारीच्या काळात सगळीकडेच या यंत्रणेची परीक्षा झाली. इंग्लंडमध्ये दुकानांत मुखपट्टी सक्तीची करणारे नियम २३ जुलै २०२० रोजी केले गेले आणि दुसऱ्याच दिवशी लागू झाले. सभागृहाने मंजुरी द्यायची ती मागाहून, अठ्ठावीस दिवसांच्या आत. तातडी खरी होती. रोगाने वाट पाहिली नसती. पण मुखपट्टीची चर्चा तर आठवडे चालली होती, मग मजकूर एक दिवस आधी का, हा प्रश्न रोगाच्या विरोधात नाही. तातडीचा मार्ग उघडा असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्याबरोबर दोन गोष्टी हव्यात. अशा नियमांना स्वतःची शेवटची तारीख असावी, आणि तातडी का होती याचं कारण त्याच कागदावर लिहिलेलं असावं. कारण लिहायला लागलं की माणूस थांबून विचार करतो.

ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने या बाबतीत १९८८ साली करांबद्दल एक ठराव केला होता. सरकार पत्रक काढून जाहीर करायचं, की आजपासून कर बदलला, आणि विधेयक यायचं कितीतरी नंतर, तेही जाहीर केल्याच्या तारखेपासून लागू. लोक नसलेल्या कायद्याप्रमाणे वागत राहायचे. ठराव असा, की घोषणेनंतर सहा महिन्यांत विधेयक किंवा त्याचा मसुदा आला नाही, तर मागची तारीख सिनेट मान्य करणार नाही, विधेयक किंवा मसुदा आल्याच्या तारखेआधीपासून ते लागू होणार नाही. कुठलंही धोरण न अडवता सभागृहाने सरकारला शिस्त लावली. छाननीचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

टेबलावर बसून कागद वाचणाऱ्याला मात्र सगळं दिसत नाही. ते मला शिकवलं पत्रांनी. समितीकडे लोकांची पत्रं येतात. काही रागाची असतात, काहींत भलताच कायदा असतो, आणि अधूनमधून एखादं पत्र असं येतं, की ज्याने नियम दहा वेळा वाचला त्यालाही जे दिसलं नाही ते त्यात दोन ओळींत असतं. अलीकडचं एक पत्र नोंदणीच्या नव्या नियमांबद्दल होतं. अर्जासोबत अमुक प्रमाणपत्र जोडावं, असं नियमात आहे. लिहिणाऱ्या बाईंनी तीन कार्यालयांत विचारलं. ते प्रमाणपत्र कोणतंच कार्यालय देत नाही. नियम मी वाचला होता, वाक्यरचना स्वच्छ होती, अधिकार मूळ कायद्यात होता, शुल्क वाजवी होतं, अपीलही होतं. अशक्य होती ती फक्त अट.

मी टिपणात पुरवणी जोडली. प्रमाणपत्र देणारं कार्यालय कोणतं, ते नियमात नमूद करावं. असं कार्यालय नसेल तर अट काढावी, आणि तोवर या कारणावरून फेटाळलेले अर्ज पुन्हा घ्यावेत. पत्र खात्याकडे गेलंय. हरकतीची मुदत संपायला चार बैठका उरल्या आहेत, म्हणून उत्तर त्याआधी आलं नाही तर नियम रद्द करण्याच्या प्रस्तावाची सूचना देऊन ठेवावी, अशी शिफारसही केली आहे. बाईंना पोच पाठवली. त्यात त्यांच्या पत्राचा क्रमांक आणि समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख लिहिली.